लिबरमनसाहेब, यंदा नाही

१५ ऑक्टोबर २००६, रविवार

७ नोव्हेंबरला अमेरिकेतल्या आमच्या कनेक्टिकट राज्यात सिनेटसाठी मतदान आहे. रिंगणात एक नवा पक्ष आहे, त्याचं नाव ‘कनेक्टिकट फॉर लिबरमन’. थट्टा नाही, पक्षाचं नावच तसं आहे. उमेदवार एकच, आमचे सध्याचे सिनेटर जो लिबरमन. ८ ऑगस्टला डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, ते इराक युद्धाला विरोध करणाऱ्या नेड लॅमाँटकडून हरले आणि दुसऱ्याच दिवशी या नव्या पक्षाच्या नावानं उभं राहण्याचे कागद दाखल केले. त्यासाठी लागणाऱ्या साडेसात हजार सह्या जमवायला निकालाच्या महिनाभर आधीच सुरुवात झाली होती. तिकीट कापलं की बंडखोरी, हे आपल्या लोकांना नवीन नाही. पण आपल्याकडचा बंडखोर निदान निकाल लागेपर्यंत तरी ‘पक्षश्रेष्ठींवर विश्वास आहे’ म्हणतो.

गेल्या दोन महिन्यांत मला इथल्या मराठी मंडळातल्या निम्म्या लोकांनी विचारलं, की तू त्या माणसाच्या इतकी मागे का लागली आहेस. प्रत्येकाला वेगवेगळं सांगून दमले, म्हणून एकदाच लिहून काढते.

आधी हे सांगते की मी त्यांची मतदार आहे. १९९९ मध्ये नागरिकत्व घेतलं आणि २००० साली पहिल्यांदा इथे मत दिलं. त्या वर्षी लिबरमन अल गोरबरोबर उपाध्यक्षपदाला उभे होते आणि शिवाय सिनेटची जागाही सोडली नव्हती. म्हणजे आयुष्यातल्या पहिल्या अमेरिकन मतदानात मी एकाच माणसाला दोनदा मत दिलं. इथे अजून ती जुनी खटक्यांची यंत्रं आहेत. मोठा दांडा ओढला की मागे पडदा बंद होतो, मग नावाशेजारचे छोटे खटके एकेक करून खाली करायचे आणि परत दांडा ओढायचा, की ‘खडाड्’ आवाज होऊन मत नोंदतं आणि पडदा उघडतो. दोन्ही खटके मी अगदी मनापासून खाली केले होते.

त्याला कारणंही होती. येलमध्ये शिकत असताना १९६३ मध्ये हा माणूस काळ्या लोकांच्या मतदानाच्या हक्कासाठी मिसिसिपीला गेला होता. पुढे राज्याचा ॲटर्नी जनरल म्हणून, आणि सिनेटमध्ये पर्यावरणाच्या प्रश्नांवर, त्यांनी काम केलं. ते ज्यू आहेत आणि शनिवारचा सब्बाथ, म्हणजे धर्मानं सांगितलेला विश्रांतीचा दिवस, पाळतात. त्या दिवशी सिनेटमध्ये मतदान असलं तर गाडीत न बसता चालत जातात. मला हे फार आवडायचं. धर्म पाळणारा आणि त्याचं प्रदर्शन न मांडणारा पुढारी दोन्ही देशांत दुर्मीळच. गेल्या वर्षी आमच्या राज्यातल्या ग्रोटनचा पाणबुडी तळ बंद होणाऱ्या तळांच्या यादीत आला, तेव्हा तो वाचवायला जे धावले त्यांत तेही होते. नाकारायचं कशाला?

आणि इराकच्या युद्धाला त्यांचा पाठिंबा सोयीपुरता आहे असंही मी म्हणणार नाही. १९९१ च्या आखाती युद्धाला हो म्हणणाऱ्या मोजक्या डेमोक्रॅट सिनेटरांत ते होते. सद्दामला हटवणं हे अमेरिकेचं धोरण ठरवणारा १९९८ चा ‘इराक लिबरेशन ॲक्ट’ आला तेव्हाही ते पुढे होते. ११ ऑक्टोबर २००२ ला सिनेटनं ७७ विरुद्ध २३ मतांनी बुश यांना युद्धाची परवानगी दिली, त्या ठरावाच्या पुरस्कर्त्यांत त्यांचं नाव होतं. सद्दामला हटवायला हवं हे त्यांचं जुनं, मनापासूनचं मत आहे. माझी अडचण तिथे नाही.

तसं पाहिलं तर आमचे दुसरे सिनेटर ख्रिस डॉड यांनीही २००२ मध्ये होच म्हटलं होतं. हिलरी क्लिंटन, जॉन केरी, सगळेच त्या ७७ मध्ये. तेव्हा मला राग आला होता. दोन रात्री मी नवऱ्याशी या विषयावरून भांडले, आणि तो बिचारा तर माझ्याच बाजूचा होता. पण चार वर्षांपूर्वीच्या मतासाठी मी कोणाला पाडायला निघाले नसते. नाही म्हणणाऱ्या २३ जणांत रिपब्लिकन फक्त एक होता, शेजारच्या रोड आयलंडचा लिंकन चॅफी. आणि यंदा त्याचीच जागा धोक्यात आहे, कारण लोक त्याच्या पक्षावर चिडलेत. राजकारणात न्याय शोधायला जाऊ नये.

माझं बिनसलं ते गेल्या वर्षीच्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये.

२९ नोव्हेंबरला ‘वॉल स्ट्रीट जर्नल’मध्ये लिबरमन यांचा लेख आला. नुकतेच इराकला जाऊन आले होते आणि आपलं सैन्य तिथेच राहायला हवं असं सांगत होते. प्रगतीच्या खुणा म्हणून त्यांनी काय लिहिलं होतं? रस्त्यांवर गाड्या वाढल्यात, छपरांवर सॅटेलाइट टीव्हीच्या थाळ्या दिसतात, लोकांच्या हातात लाखो मोबाईल आलेत. मी तो लेख ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत वाचला आणि डबा तसाच राहिला. त्याआधी दहाच दिवस, १९ नोव्हेंबरला, हदीथा गावात अमेरिकन मरीन सैनिकांच्या हातून २४ इराकी नागरिक मारले गेले होते. त्यात बायका होत्या, लहान मुलं होती. ते बाहेर आलं मार्चमध्ये, ‘टाइम’नं छापलं तेव्हा. लेख लिहिताना लिबरमन यांना ते ठाऊक असणं शक्य नव्हतं, हे मला समजतं. मला जे खुपलं ते वेगळंच. बंदोबस्तात नेलेल्या पाहुण्याला छपरावरची थाळी दिसते. छपराखाली काय चाललंय ते दिसत नाही, आणि आपल्याला ते दिसत नाही याची शंकाही त्या लेखात कुठे नव्हती.

फेब्रुवारीत समारामधल्या अल-अस्करी मशिदीचा सोनेरी घुमट उडवला गेला. त्यानंतर शिया-सुन्नींच्या कत्तली रोजच्याच झाल्या. संयुक्त राष्ट्रांनी गेल्या महिन्यात आकडे दिले आहेत: जुलै आणि ऑगस्ट या दोन महिन्यांत ६,५९९ नागरिक मारले गेले. या बुधवारी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला. त्यात युद्धामुळे झालेल्या जादा मृत्यूंचा अंदाज साडेसहा लाखांच्या आसपास आहे. बुश यांनी त्याच दिवशी तो विश्वासार्ह नाही म्हणून झटकून टाकला. माझा धंदाच अंदाजांचा, त्यामुळे मी तो पेपर काढून वाचला. अंदाजाची रुंदी मोठी आहे, साधारण चार लाखांपासून साडेनऊ लाखांपर्यंत. त्यावर वाद होणार आणि व्हायलाही हवा. पण तो आकडा मान्य नसेल तर तुमचा आकडा सांगा ना! ज्यांनी युद्ध सुरू केलं त्यांनी इराकी माणसं मोजायची तसदीच घेतलेली नाही.

तर डिसेंबर. लेखानंतर आठवड्याभरात, ६ तारखेला, लिबरमन यांनी भाषणात आपल्याच पक्षाच्या लोकांना सुनावलं. त्याचा मथितार्थ असा: बुश यांच्यावर विश्वास नसला तरी अजून तीन वर्षं तेच सेनेचे प्रमुख आहेत हे मान्य करा, युद्धाच्या बाबतीत अध्यक्षांची पत कमी करणं देशाला धोक्याचं आहे.

हे वाक्य मी विसरू शकत नाही. माझ्या मते सगळी गोष्ट या एका वाक्यात आहे. युद्ध योग्य आहे असं सांगणं वेगळं, ते त्यांनी हजारदा सांगावं. हे वाक्य मला, म्हणजे त्यांच्या मतदाराला, गप्प बसायला सांगतं. आणि कधी? सैनिक मरत असताना, म्हणजे नेमकं बोलायला हवं तेव्हाच. युद्ध चालू आहे म्हणून प्रश्न नकोत, आणि प्रश्न नाहीत म्हणून युद्ध चालू.

मी हार्टफर्डच्या एका विमा कंपनीत ॲक्च्युअरी आहे. आमचं काम कंटाळवाणं, पण त्यात एक शिस्त आहे. एखाद्या वर्षीच्या पॉलिसींवर पुढे किती क्लेम येतील याचा अंदाज करून आम्ही पैसे बाजूला ठेवतो, म्हणजे रिझर्व्ह. दर तिमाहीला तो अंदाज आणि प्रत्यक्ष आलेले क्लेम शेजारी-शेजारी मांडायचे. अंदाज चुकला तर वाढवायचा, आणि का चुकला ते लिहायचं. ज्यानं मूळ अंदाज केला तोही त्या बैठकीत असतो, कधीकधी त्याचं तोंड पडतं. पण ‘अंदाज कमी पडतोय असं म्हणू नका, कंपनीची पत जाईल’ असं कोणी म्हणालं तर त्याला बैठकीतून बाहेर काढतील. पत जाते ती तसं न म्हटल्यामुळेच.

आता या युद्धाची वही मांडा. व्हाइट हाउसचेच आर्थिक सल्लागार लॉरेन्स लिंडसी २००२ मध्ये म्हणाले, खर्च १०० ते २०० अब्ज डॉलर होईल. तेव्हा बाकीच्यांनी तो फुगवलेला आकडा ठरवला, आणि वर्ष संपायच्या आत लिंडसींना जावं लागलं. आज इराकवर मंजूर झालेला पैसा ३०० अब्जांच्या वर गेलाय. लष्करप्रमुख जनरल शिन्सेकी फेब्रुवारी २००३ मध्ये सिनेटच्या समितीसमोर म्हणाले, की ताबा ठेवायला काही लाख सैनिक लागतील. दोनच दिवसांत उपसंरक्षणमंत्री वुल्फोविट्झ यांनी तो अंदाज धुडकावला. इराक स्वतःच्या तेलातून आपली उभारणी करेल, असंही हेच वुल्फोविट्झ सांगत होते. ज्या शस्त्रांसाठी युद्ध केलं ती सापडलीच नाहीत. शोधपथकाचा अहवाल येऊनही दोन वर्षं झाली. आणि गेल्याच महिन्यात अमेरिकेच्या गुप्तचर संस्थांच्या संयुक्त अहवालाचा काही भाग सरकारला उघड करावा लागला. इराकचं युद्ध जिहादींना नवी भरती मिळवून देतंय, असं त्यात म्हटलंय. हे सरकारच्या स्वतःच्या माणसांनी लिहिलंय, कुठल्या कॉलेजातल्या मोर्चेकऱ्यांनी नाही.

एवढं सगळं समोर असताना ज्याच्या मतात फरक पडत नाही, त्याला काय झालं तर फरक पडेल? लिबरमन यांना मला हा एकच प्रश्न विचारायचाय.

डॉड यांच्यात फरक पडला. जूनमध्ये सिनेटमध्ये लेविन आणि रीड या डेमोक्रॅट सिनेटरांचा प्रस्ताव आला होता. अगदी मवाळ प्रस्ताव. या वर्षाअखेर सैन्य टप्प्याटप्प्यानं परत आणायला सुरुवात करा, एवढंच. शेवटची तारीखसुद्धा नाही. तो ३९ विरुद्ध ६० नं पडला. डॉड यांनी त्याच्या बाजूनं मत दिलं. विरोधात गेलेल्या सहा डेमोक्रॅटांत लिबरमन होते. ‘सुरुवात करा’ एवढंही त्यांना चाललं नाही.

आता अवघड भाग.

ऑफिसात माझ्या शेजारी बसणारी एक बाई आहे. आम्ही बरीच वर्षं एकत्र काम करतोय. तिचा मुलगा मरीनमध्ये आहे आणि सध्या तिसऱ्यांदा इराकमध्ये आहे. ती महिन्यातून एकदा त्याला खोकं पाठवते आणि ते भरायला मी तिला मदत करते. मोजे, ओल्या पुसण्यांची पाकिटं (पाणी कमी आणि धूळ फार, त्यामुळे याच लागतात), सरबताच्या पुड्या, पत्त्यांचा कॅट. चॉकलेट नाही, वितळतं. वर कस्टम्सचा फॉर्म, त्यात प्रत्येक वस्तू आणि तिची किंमत. मोज्यांची किंमत लिहिताना ती दर वेळी थबकते आणि मला विचारते, किती लिहू. गेल्या वेळी तिनं मुलाच्या आवडीच्या बेसबॉल टीमची टोपी टाकली आणि मग काढून घेतली. तिथे घालता येत नाही म्हणे, उगाच आठवण येईल.

तर ही बाई लिबरमन यांना मत देणार आहे.

माझ्या गाडीवर लॅमाँटचं स्टिकर पाहून तिनं एकदाच विषय काढला. म्हणाली, आत्ता सोडून आलो तर माझा मुलगा तिथे तीनदा कशाला गेला?

मी काही बोलले नाही. आईला ते विचारायचा हक्क आहे आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण हाच हिशोब सिनेटमध्ये बसलेला माणूस करायला लागला तर तो कधीच मिटणार नाही, कारण जितके जास्त मरतील तितकं थांबणं अवघड होत जाईल. आज अमेरिकन सैनिकांचा आकडा २,७०० च्या पुढे आहे. जूनमध्ये अडीच हजार झाला तेव्हाही हाच युक्तिवाद होता. तो तीन हजारांना जास्त पटेल आणि चार हजारांना त्याहून. आईच्या हातात फक्त खोकं आहे, सिनेटरच्या हातात मत आहे. गेलेल्यांसाठी म्हणून आणखी पाठवायचे की नाहीत, हे ठरवण्यासाठीच आपण त्यांना तिथे बसवतो.

मंडळात कोणी म्हणालं, की तुला इराकचा एवढा पुळका का, आपला काय संबंध. मी साताऱ्याची. आपला संबंध नाही असं साताऱ्याच्या माणसानं तरी म्हणू नये. अपशिंगे गावात पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या ४६ जवानांचं स्मारक आहे. आमच्या भागात गावोगावी अशा दगडी पाट्या आहेत, या गावातून इतके गेले, इतके परत आले नाहीत. १९१५ मध्ये बगदादच्या दिशेनं निघालेल्या इंग्रजांच्या हिंदी फौजेचं नाव होतं ‘पूना डिव्हिजन’. तीत मराठा पलटणी होत्या. बगदाद काही हाती लागलं नाही. मागे हटत ती इराकमधल्याच कूट या गावी अडकली, तिथे वेढा पडला, शेवटी खायला काही उरलं नाही आणि २९ एप्रिल १९१६ ला सुमारे १३,००० लोकांनी शस्त्रं खाली ठेवली. त्यांतले कित्येक कैदेत मेले. या एप्रिलमध्ये त्याला ९० वर्षं झाली, कुठे कोणी दोन ओळी छापल्याचं माझ्या तरी वाचनात आलं नाही.

पुढच्या वर्षी इंग्रजांनी बगदाद घेतलं. जनरल मॉडनं तिथल्या लोकांना जाहीरनामा काढून सांगितलं, की आम्ही जिंकायला आलेलो नाही, तुम्हाला मुक्त करायला आलोय. तीन वर्षांत, १९२० मध्ये, त्याच लोकांनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला, आणि तो मोडायलाही हिंदी पलटणी वापरल्या गेल्या. म्हणजे ‘मुक्त करायला आलोय’ हे बगदादनं एकदा ऐकलेलं आहे, आणि ते सांगणाऱ्यांच्या मागे बंदूक घेऊन आमच्याकडचे लोक उभे होते.

२००३ मध्ये अमेरिकेनं भारताकडे सैन्य मागितलं होतं, जवळजवळ एक अख्खी डिव्हिजन. वाजपेयी सरकारनं जुलैमध्ये संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट ठराव नाही म्हणून नकार दिला. त्याआधी एप्रिलमध्ये संसदेनं युद्धाविरुद्ध एकमतानं ठरावही केला होता. वाजपेयींचं बाकी राजकारण मला पटत नसे, पण तो नकार मी कायम त्यांच्या खात्यात जमा धरते. नाहीतर आमच्याकडच्या स्मारकांवर आणखी नावं कोरावी लागली असती.

प्रायमरीनंतर जे झालं त्यानं माझं मत पक्कं झालं. लॅमाँटला १,४६,४०४ मतं पडली, लिबरमन यांना १,३६,४९०. जेमतेम दहा हजारांचा फरक, पण निकाल तो निकाल. दुसऱ्या दिवशी उपाध्यक्ष चेनी म्हणाले, की अशा निकालानं अल-कायदासारख्यांना बळ मिळेल. चेनींकडून दुसरी अपेक्षा नव्हती. पण त्याच्या दुसऱ्या दिवशी लंडनमध्ये विमानं उडवण्याचा कट उघडकीला आला, आणि वॉटरबरीत प्रचार करताना लिबरमन यांनी तेच सुरू केलं. लॅमाँट म्हणतो तसं तारीख ठरवून बाहेर पडलो तर ज्यांनी ही विमानं उडवायचा बेत केला त्यांना तो मोठा विजय वाटेल, असं ते म्हणाले. म्हणजे हिशोब लावला तर आम्ही १,४६,४०४ जण, त्यात शाळेतल्या शिक्षिका आल्या, व्हिएतनामला जाऊन आलेले म्हातारे आले, मीही आले, आम्ही सगळे नकळत अतिरेक्यांच्या कामी येतोय. अठरा वर्षं ज्यांची मतं घेतली त्यांना हे?

आता प्रचारात ते म्हणतात, की युद्ध संपावं, सैनिक घरी यावेत असं मलाही वाटतं. वाटत असेलच. पण जूनमधलं मत तर तसं म्हणत नाही.

मागच्या आठवड्यात शनिवारी आमच्याकडे कोजागिरी होती. दूध आटेपर्यंत राजकारण, हा आमच्याकडचा नियमच. एका काकांनी मुद्दा काढला, की भारताबरोबरचा अणुकरार सिनेटमध्ये अडकलाय, जुलैमध्ये हाउसमध्ये, म्हणजे खालच्या सभागृहात, मंजूर झाला, आता एकेका सिनेटरची गरज आहे आणि तुम्ही नेमक्या वेळी जुन्या माणसाला घरी पाठवायला निघालात! स्वभाव रोखठोक, बोलणं लेखी अर्ज केल्यासारखं. मी म्हटलं, काका, करार हवा म्हणून युद्ध चालेल, हा सौदा तुम्हाला पटतो का? ते म्हणाले, पटण्याचा प्रश्न नाही, आपण इथे बाहेरून आलेलो, आपण आपल्या कामापुरतं बघावं. युद्ध काय, यांची यांनी ठरवावं.

हे मात्र मी ऐकून घेतलं नाही. मी हात वर करून शपथ घेतलीय. युद्धाच्या ३०० अब्जांत माझ्या पगारातून कापलेला कर आहे, काकांच्याही. इथल्या स्ट्रॅटफर्डला ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरं बनतात, ती इराकमध्ये उडतात. बाहेरचे कसे? कोजागिरीला जमलेल्या तीन मुलांनी हायस्कूल संपताना सैन्यभरतीच्या नोंदणीचं कार्ड भरलंय. अठरा वर्षांच्या मुलग्यांना इथे ते भरावंच लागतं, सक्तीची भरती आज नसली तरी. काकांच्या नातवानंही भरलंय. मी हे बोलले तेव्हा काकू कपात दूध ओतत होत्या. काही बोलल्या नाहीत, पण काकांच्या कपात केशर घालायचं विसरल्या.

लॅमाँट काही फार मोठा नेता आहे असं माझं म्हणणं नाही. ग्रिनिचचा गडगंज माणूस, कॉलेजांना केबल टीव्ही पुरवण्याचा धंदा. भाषण ऐकताना आपल्यालाच पुढचं वाक्य सुचवावंसं वाटतं. जुलैमध्ये त्याच्यासाठी फोन करायला बसायचे तेव्हा लोक विचारायचे, याला अनुभव काय, आणि मला खरंच दोन वाक्यांपलीकडे काही सांगता यायचं नाही. ऑगस्टनंतर तर त्याची मोहीम सुस्तावल्यासारखी वाटते. पोलमध्ये लिबरमन पुढे आहेत, रिपब्लिकन मतदार आपला उमेदवार सोडून त्यांच्या मागे चाललेत. ते निवडून येतील असं मलाही वाटतं. तरी माझा खटका लॅमाँटच्या नावापुढचाच खाली होणार. २००२ मध्ये चुकलेल्या कितीतरी लोकांना मी मत देईन. पण चार वर्षांनी जो मलाच सांगतो की विचारणं धोक्याचं आहे, त्याला नाही.

नोंदणीची मुदत याच महिन्यात संपतेय. आपल्यातल्या कितीतरी जणांनी नागरिकत्व घेतलं ते रांगेत उभं राहायला लागू नये म्हणून, मतदार यादीत नाव कधी घातलंच नाही. कोजागिरीला मी फॉर्मचा गठ्ठा घेऊन गेले होते आणि कोणाला मत देणार हे न विचारता वाटले. अजून उरलेत, हवे असतील तर सांगा, आणून देते.

काकांनी निघताना दोन नेले. एक स्वतःला, एक काकूंना. काका लिबरमन यांना मत देणार, ते त्यांनी दारात चपला घालताना मला परत एकदा ठणकावून सांगितलं. काकूंचं अजून ठरलेलं नाही. मंगळवारी काका ब्रिज खेळायला जातात, तेव्हा मी काकूंना फोन करणार आहे.